बाळाच्या कागदावर आईचं बीपी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी लहान मुलांची डॉक्टर. नवीन मूल दवाखान्यात आलं की आम्ही त्याच्या जन्माची चौकशी करतो. दिवस पूर्ण भरले होते का, वजन किती होतं, जन्मल्याबरोबर रडलं का, काचेच्या पेटीत ठेवावं लागलं का. ही उत्तरं बहुतेक आयांना तोंडपाठ असतात. त्यानंतर मी आणखी एक प्रश्न विचारते, 'गरोदरपणात तुमचं बीपी वाढलं होतं का?' पुष्कळदा उत्तर येतं, 'हो, वाढलं होतं. पण ते माझं. बाळाला काही नव्हतं.'

'ते माझं, बाळाचं नाही' ही जी समजूत आहे, तिच्याविषयी आज मला आपल्याशी बोलायचं आहे. गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब हा आई आणि बाळ या दोघांचा आजार आहे. आईच्या बाबतीत त्याची थोडीफार चर्चा होते. बाळाच्या बाबतीत मात्र घरी जायची परवानगी मिळाली की तो विषय संपतो. तो तिथं संपू नये.

प्रथम थोडी ओळख करून घेऊ. रक्तदाबाचे दोन आकडे असतात. गरोदर स्त्रीचा वरचा आकडा १४० किंवा खालचा आकडा ९०, अथवा त्याहून जास्त, असा किमान चार तासांच्या अंतरानं दोनदा आला, तर रक्तदाब वाढला असं समजतात. काही जणींना दिवस राहण्याच्या आधीपासूनच बीपी असतं. काही जणींना ते वीस आठवड्यांनंतर, म्हणजे साधारण पाचव्या महिन्यानंतर पहिल्यांदा सुरू होतं. त्याच्या जोडीला लघवीतून प्रथिनं जाऊ लागली, किंवा यकृत, मूत्रपिंड, रक्तातल्या प्लेटलेट यांत बिघाड दिसला, तर त्या आजाराला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. त्यातूनच झटके आले तर ती एक्लॅम्प्सिया. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे शंभरातल्या तीन ते आठ गरोदर स्त्रियांना प्रीएक्लॅम्प्सिया होतो. जगात दरवर्षी त्यामुळे सुमारे ४६ हजार माता दगावतात, आणि पोटात किंवा जन्मल्यावर दगावणाऱ्या बाळांची संख्या पाच लाखांच्या आसपास आहे. मातांच्या आकड्यापेक्षा बाळांचा आकडा दहापटीहून मोठा आहे, हे लक्षात घ्या.

असं का होतं? गर्भाशयाच्या भिंतीत बारीक, नागमोडी रक्तवाहिन्या असतात. गरोदरपणाच्या पहिल्या चार-पाच महिन्यांत वारेच्या पेशी या रक्तवाहिन्यांमध्ये शिरतात आणि त्यांना रुंद करतात. शेतातल्या चारीचा कालवा व्हावा, तसं हे काम असतं. प्रीएक्लॅम्प्सियात, विशेषतः तो लवकर सुरू झाला असेल तर, हे रुंदीकरण अर्धवट राहिलेलं असतं. वारेला रक्त पुरत नाही. अशी अडचणीत आलेली वार आईच्या रक्तात काही पदार्थ सोडते. त्यांनी आईच्या सगळ्या शरीरातल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होते आणि रक्तदाब चढतो. म्हणजे दुखण्याचं मूळ वारेत असतं आणि त्याची सुरुवात बीपी वाढण्याच्या कितीतरी आठवडे आधी झालेली असते. म्हणूनच 'हिनं लोणचं खाल्लं', 'हिनं फार टेन्शन घेतलं' असं म्हणून सुनेला किंवा लेकीला बोल लावण्यात अर्थ नाही. मीठ तोडल्यानं हा आजार टळतो, असंही सिद्ध झालेलं नाही.

आता बाळाकडे वळू. कालव्याला पाणी कमी आलं की सर्वांत आधी हाल होतात ते टेलच्या शेतकऱ्याचे. पोटातलं बाळ म्हणजे हा टेलचा शेतकरी. पण तो शहाणा असतो. मिळालेलं थोडं पाणी तो सगळ्या पिकांना सारखं वाटत नाही, मुख्य पीक आधी जगवतो. बाळाचं शरीर मेंदूला आणि हृदयाला रक्त आधी देतं. मूत्रपिंडं, आतडी, स्नायू यांच्या वाट्याला कमी येतं. सोनोग्राफीत डोक्याची वाढ ठीक आणि पोटाचा घेर मात्र कमी, असं दिसतं त्याचं कारण हेच.

या काटकसरीचा हिशेब पुढे द्यावा लागतो. मूत्रपिंडाचंच उदाहरण घ्या. प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांतल्या निम्म्याहून जास्त शेवटच्या तीन महिन्यांत तयार होतात आणि छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास हे काम थांबतं. त्यानंतर आयुष्यभरात एकही नवी गाळणी तयार होत नाही. ज्या बाळाला या काळात रक्त कमी पडलं किंवा जे बाळ फार लवकर जन्मलं, ते कमी गाळण्यांचं भांडवल घेऊन येऊ शकतं. तेवढ्यावर त्याचं बालपण आरामात निघतं. मोठेपणी मात्र त्याच गाळण्यांवर जास्त भार पडतो आणि रक्तदाब वाढण्याची शक्यता वाढते.

हा आजार उलटवणारं औषध अजून नाही. वार शरीराबाहेर पडल्यावरच तो ओसरू लागतो. त्यामुळे डॉक्टरांपुढे कठीण हिशेब असतो. बाळ आत ठेवावं तर आईला झटके, रक्तस्राव, मेंदूत रक्तस्राव यांचा धोका आणि बाळाची उपासमार. बाहेर काढावं तर बाळाची फुप्फुसं अजून कच्ची. सदतीस आठवडे पूर्ण झाले असतील तर निर्णय सोपा असतो, प्रसूती करायची. त्याआधीचा प्रत्येक आठवडा तोलून-मापून घ्यावा लागतो. 'डॉक्टरांनी उगाच आठव्या महिन्यात सिझर केलं' अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. पण या आजारात पुष्कळदा त्या सिझरनंच दोन जीव वाचलेले असतात.

लवकर येणाऱ्या बाळासाठी तयारी करता येते, हे मात्र आवर्जून सांगायला हवं. १९७२ साली न्यूझीलंडमधल्या लिगिन्स आणि हॉवी या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की अपुऱ्या दिवसांत प्रसूती होणार असेल तर आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिल्यानं बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. भारतासह पाच देशांत झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. आपल्यासारख्या देशांतल्या रुग्णालयांतही या इंजेक्शनांनी नवजात बाळांचे मृत्यू कमी होतात, असं त्यात दिसलं. दुसरं औषध मॅग्नेशियम सल्फेट. २००२ साली ३३ देशांतल्या दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या चाचणीत त्यानं झटक्यांचं प्रमाण निम्म्याहून कमी केलं. फार लवकर जन्मणाऱ्या बाळाच्या मेंदूलाही ते संरक्षण देतं. ही दोन्ही औषधं स्वस्त आहेत. अट एकच. बाई वेळेवर पोचली पाहिजे.

बीपी कमी करण्याच्या गोळ्यांचंही तसंच आहे. नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत ८९४ गरोदर स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या सगळ्यांचा रक्तदाब धोकादायक पातळीला पोचलेला होता. निफेडिपिन, लॅबेटॅलॉल आणि मिथाइलडोपा या साध्या, तोंडानं घ्यायच्या गोळ्यांची तुलना त्यात केली होती. तिन्ही गटांतल्या बहुसंख्य स्त्रियांचा रक्तदाब सहा तासांत आटोक्यात आला. जिथं शिरेतून औषध द्यायची सोय नाही, तिथंही उपचार सुरू करता येतात, हे आपल्या विदर्भातल्या स्त्रियांनी जगाला दाखवून दिलं.

पण गोळी पोटात गेली तर ना! गरोदरपणात औषध म्हटलं की घरातल्या वडीलधाऱ्यांना धास्ती वाटते. 'गोळ्या बाळाला लागतील' हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल याची मोजदाद नाही. एक उदाहरण सांगते. पहिलटकरीण, सासर एका जिल्ह्यात, माहेर दुसऱ्या. सहाव्या महिन्यात बीपी थोडं वाढलेलं, गोळ्या सुरू झालेल्या. सातव्या महिन्यात ओटीभरण झालं आणि ती माहेरी आली. तपासणीची फाइल सासरी कपाटात राहिली. आठवड्यात गोळ्या संपल्या. माहेरी आणखी कुणीतरी सांगितलं, की आता नको घेऊस, बाळाला उष्णता होईल. पुढं डोकं दुखायला लागलं, ते पित्तावर गेलं. पायांवर सूज होती, पण 'ती तर सगळ्यांनाच येते'. बत्तिसाव्या आठवड्यात एका पहाटे तिला झटके आले. रुग्णालयात पोचल्यावर आई बचावली. बाळ भरलं एक किलो तीनशे ग्रॅम, म्हणजे त्या आठवड्यांच्या मानानंही हलकं. ते सव्वा महिना नवजात शिशू अतिदक्षता कक्षात होतं.

या घरात कुणाची माया कमी नव्हती. उलट मायेपोटीच सगळं झालं. पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत चांगलीच आहे, लेकीला विसावा मिळतो. पण हा आजार बहुधा ज्या शेवटच्या तीन महिन्यांत डोकं वर काढतो, नेमक्या त्याच महिन्यांत आपण तिचं गाव, तिचे डॉक्टर आणि तिची आशाताई बदलतो. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत तर हंगामभर गावच बदलतं. म्हणून ओटीत खण-नारळ घालाल, तेव्हा तिच्या पिशवीत फाइल, माता व बाल संरक्षण कार्ड आणि महिन्याभराच्या गोळ्या आहेत ना, हे बघा. आणि माहेरी पोचल्यावर आठवड्याच्या आत तिथल्या आरोग्य केंद्रात नाव नोंदवून बीपी तपासून घ्या.

गोळ्यांच्या भीतीबद्दल शास्त्र काय सांगतं? अमेरिकेत आधीपासून रक्तदाब असलेल्या २४०० हून अधिक गरोदर स्त्रियांची मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२२ साली आले. रक्तदाब १४०/९० च्या खाली ठेवण्यासाठी औषध दिलेल्या स्त्रियांमध्ये तीव्र प्रीएक्लॅम्प्सिया आणि फार लवकर होणाऱ्या प्रसूती कमी झाल्या. औषधामुळे बाळांचं वजन घटलं, असं आढळलं नाही. अर्थात गोळी कोणती, याला महत्त्व आहे. एनालाप्रिल, रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन अशा काही नेहमीच्या बीपीच्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, त्यांनी बाळाच्या मूत्रपिंडांना इजा होते. आधीपासून बीपी असलेल्या स्त्रीनं मूल हवं असं ठरवतानाच डॉक्टरांना सांगावं आणि गोळी बदलून घ्यावी. मनानं बंद करू नये.

आता थोडं दूरचं बघू. ही मुलं मोठी झाल्यावर काय होतं? फिनलंडमध्ये हेलसिंकी इथं १९३४ ते १९४४ या काळात जन्मलेल्या हजारो माणसांच्या जन्माच्या नोंदी जपून ठेवलेल्या होत्या. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या नोंदींची त्यांच्या उतारवयातल्या आजारांशी सांगड घातली गेली. आईला प्रीएक्लॅम्प्सिया झाला होता, अशा व्यक्तींमध्ये पक्षाघाताचा धोका इतरांच्या जवळजवळ दुप्पट दिसला. ऐंशी वर्षांपूर्वी आजच्यासारखे उपचार नव्हते, हे खरं. पण बाळंतपणाच्या खोलीत सुरू झालेली गोष्ट सत्तराव्या वर्षापर्यंत पोचू शकते, हे त्यातून कळलं. २०१२ साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या पाहणीत अशा मुलांचा वरचा रक्तदाब इतर मुलांपेक्षा सरासरी सुमारे २.४ मिलिमीटरनी जास्त निघाला. हा फरक छोटा आहे. त्यानं एखादं मूल आजारी पडत नाही. पण बालपणीचा कल मोठेपणी सोबत येतो. त्यात वजन, मीठ आणि बैठं जगणं यांची भर पडली, की छोटा फरक मोठा होतो.

काही अभ्यासांत या मुलांमध्ये चंचलतेचा किंवा स्वमग्नतेचा त्रास थोडा जास्त दिसला आहे. तो आईच्या आजारामुळेच होतो, असं सिद्ध झालेलं नाही. अपुरे दिवस, कमी वजन, आनुवंशिकता अशी इतर कारणंही असू शकतात. घाबरून जायचं कारण नाही. यांतली बहुसंख्य मुलं अगदी निरोगी वाढतात. मला धास्ती घालायची नाही, लक्ष ठेवायला सांगायचं आहे.

लक्ष ठेवायचं म्हणजे काय करायचं? बाळ लवकर किंवा फार हलकं जन्मलं असेल, तर पहिली गोष्ट डोळ्यांची. चौतीस आठवड्यांच्या आधी किंवा दोन किलोहून कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा नेत्रतज्ज्ञांकडून तीस दिवसांच्या आत तपासून घ्यायला हवा, फारच लहान बाळ असेल तर त्याहून आधी. इथं उशीर झाला तर दृष्टी कायमची जाऊ शकते. दुसरी गोष्ट कानांची तपासणी, तीही पहिल्या महिन्यातच. तिसरी गोष्ट उबेची आणि आईच्या दुधाची. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवण्याची कांगारू पद्धत कोलंबियात १९७८ साली सुरू झाली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांतल्या चाचणीत असं दिसलं, की ही पद्धत जन्मल्याबरोबर सुरू केली तर कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू चतुर्थांशानं कमी होतात. बीपीच्या गोळ्या चालू असल्या म्हणून अंगावरचं दूध बंद करू नका. बाळंतिणीला चालणाऱ्या गोळ्या आहेत, डॉक्टर त्याच देतात.

चौथी गोष्ट ऐकून आजीबाईंना राग येईल. हलकं जन्मलेलं बाळ लवकरात लवकर गुटगुटीत करण्याची घाई नको. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि मुलांचा अभ्यास करत आले आहेत. आपली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनानं पुष्कळ हलकी, पण त्या मानानं चरबी राखून असलेली, असं त्यांना दिसलं. अशा मुलाला साखरेचं दूध, बिस्किटं, तळलेलं भरवून फुगवलं, तर पुढं मधुमेह आणि बीपी या दोघांनाही आमंत्रण मिळतं. सहा महिने फक्त आईचं दूध, मग घरचा वरण-भात, खिमट, भाकरी, अंडं, भाजी. वजन वाढीच्या तक्त्यावर सावकाश वर गेलं की पुरे.

पाचवी गोष्ट, मान धरणं, बसणं, बोलणं यांत उशीर वाटला तर 'याचे वडीलही उशिरा बोलले' म्हणून थांबू नका. शासनाच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं सुरू झाली आहेत. तिथं तपासणी होते आणि उपचारही मिळतात. सहावी गोष्ट, मुलाचा रक्तदाब. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ साली सांगितलं, की प्रत्येक मुलाचा रक्तदाब तीन वर्षांनंतर दरवर्षी मोजावा, आणि फार लवकर किंवा हलकं जन्मलेल्या मुलाचा तीन वर्षांच्या आधीही. तो मोठ्या माणसाच्या पट्ट्यानं मोजता येत नाही, मुलाच्या दंडाला बसेल असा लहान पट्टा लागतो. डॉक्टरांना तो विचारायला संकोच करू नका.

आणि आई? वार पडली म्हणजे सगळं आटोपलं, असं नाही. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी रक्तदाब पुन्हा चढू शकतो, झटकेही येऊ शकतात. तेव्हा सगळं घर बाळाच्या कौतुकात असतं. डोकं फार दुखणं, डोळ्यांपुढे काजवे चमकणं, अंधुक दिसणं, छातीखाली पोटात कळ येणं, चेहऱ्यावर आणि हातांवर एकाएकी सूज येणं, ही लक्षणं गरोदरपणात दिसोत की बाळंतपणानंतर, वाट बघायची नाही. पोटातल्या बाळाची हालचाल मंदावली तरीही तेच. १०८ किंवा १०२ ला फोन करायचा. पुढच्या आयुष्यात अशा स्त्रीला हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका साधारण दुप्पट असतो, म्हणून दर वर्षी तिचं बीपी मोजलं गेलं पाहिजे. लहान मुलाला आई धडधाकट लागते, हे काय वेगळं सांगायला हवं?

पुढच्या वेळी दिवस राहिले तर लवकर नाव नोंदवा. आधी हा आजार झालेल्या, आधीपासून बीपी, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या, तसंच जुळी असलेल्या स्त्रियांना डॉक्टर कमी मात्रेतली ॲस्पिरिन देतात. ती सोळा आठवड्यांच्या आत सुरू झाली तर जास्त उपयोगी पडते. २०१७ सालच्या एका चाचणीत, जोखीम जास्त असलेल्या स्त्रियांमध्ये, दिवस पूर्ण भरण्याआधी प्रसूती करावी लागणाऱ्या प्रीएक्लॅम्प्सियाचं प्रमाण तिनं साठ टक्क्यांहून अधिक घटवलं. आरोग्य केंद्रात मिळणाऱ्या कॅल्शियमच्या गोळ्याही डब्यात पडून राहू देऊ नका. आहारात कॅल्शियम कमी असलेल्या स्त्रियांना त्यांनी या आजारापासून संरक्षण मिळतं.

शेवटी एक छोटं काम सांगते. त्याला पैसा लागत नाही. ज्या आयांना गरोदरपणात बीपीचा त्रास झाला होता, त्यांनी आज मुलाचं लसीकरणाचं कार्ड काढावं आणि त्याच्या पहिल्या पानावर पेनानं दोन ओळी लिहाव्यात. 'आईला सातव्या महिन्यापासून बीपी, लघवीत प्रथिनं. जन्म तेहतीस आठवड्यांना, वजन एक किलो सहाशे.' जे काही असेल ते. रुग्णालयातून मिळालेला घरी सोडतानाचा कागद त्याच कार्डात ठेवावा. मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची झाली की तो त्यांच्या हाती द्यावा. मुलीच्या बाबतीत तर त्याचं महत्त्व दुहेरी, कारण आईला हा आजार झाला असेल तर लेकीला तिच्या गरोदरपणात तो होण्याची शक्यता वाढते. तिच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, तर उत्तर तिच्या हातात असेल.